तिसऱ्या पत्राच्या कुरडया

आम्ही दोघा नवरा-बायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कुरडया. हिरव्या, गुलाबी, पिवळ्या. आमच्या घरात रंगाची कुरडई कधी झाली नाही. खायच्या जिनसाला रंग कशाला, असं ती म्हणायची. या दुसऱ्याच्या पोरीच्या रुखवतात मांडायच्या होत्या, म्हणून रंग.

हर्सूलला आमचं दोन खोल्यांचं घर, वर गच्ची. गच्चीवरून जेलची भिंत दिसते. तीन दिवस तिनं गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, मग वाटून चीक काढला. त्या दिवशी पहाटे उठून तो शिजवला आणि उजाडायला मी पहिलं पातेलं वर नेलं. पितळी सोऱ्याची मूठ फिरवायला जोर लागतो, तो माझा. सोऱ्या गोल गोल नेऊन कुरडई घालायची, तो हात तिचा. दोघं वाकून, डोक्याला डोकं लागेल असे, प्लास्टिकच्या कागदावरून मागं मागं सरकत होतो.

“जरा दमानं फिरवा. तार तुटती.”

“तूच पळतीस.”

“म्या कुठं पळती? उभा जन्म तुमच्या मागंच हाय.”

“मग आता हो की पुढं.”

ती हसली. हसली की तिचा हात हलायचा. ती एक कुरडई वाकडी झाली.

हिरव्या झाल्या, गुलाबी झाल्या. नऊ वाजले तसा कागद पायाला पोळायला लागला. पिवळ्याचं पातेलं मी वर आणलं तेव्हा ती कठड्याला टेकून खाली बसली होती. पदरानं तोंड पुसत होती, पण तोंडावर घाम नव्हता.

“अवो, डोळ्यापुढं अंधारी आली.”

“ऊन हाय ते. चीक निवला की दगड होतो, नंतर सोऱ्यातून निघत नाय.”

“घटकाभर पडते खाली जाऊन.”

“झोपायला सगळा जन्म पडलाय. ऊठ.”

ती उठली. पिवळ्या कुरडया आम्ही संपवल्या. त्या सगळ्यांत नीट आल्या होत्या.

हे का केलं ते सांगतो.

मी विद्यापीठात शिपाई होतो. नेमणुकीच्या कागदावर प्रयोगशाळा परिचर लिहिलेलं, पण सगळे मामा म्हणायचे. माझं शिक्षण सातवी. काचेची भांडी धुवायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, साहेब लोकांना चहा आणायचा आणि भट्टी चालू असली की तिच्यावर लक्ष ठेवायचं. तीसेक वर्षं हे केलं. या वर्षांत किती पोरं डॉक्टर होऊन गेली याची गिनती नाही. कोण हुशार, कोण ढ, हे मला कळत नव्हतं. पण कोण लवकर सुटणार आणि कोण अडकणार, हे पहिल्या सहा महिन्यांत कळायचं. जो पोरगा गाईडच्या घरचा गॅस आणून द्यायचा, त्यांच्या पोराला शिकवणीला सोडायचा, दिवाळीत गावाकडून तूप आणायचा, तो सुटायचा. जो म्हणायचा माझं काम बोलेल, त्याचं काम कपाटात बोलत पडायचं.

माझी लेक त्याच विभागात पीएचडीला लागली तेव्हा तिला मी एकच गोष्ट सांगितली. गाईडचं घर सांभाळ, थिसिस आपोआप होतो.

ती म्हणाली, “बाबा, मी तिथं शिकायला चाललेय.”

म्हणालो, “मी पण तेच सांगायलोय.”

तिनं काही सांभाळलं नाही. तिचा स्वभाव आईसारखा, पण पाठीचा कणा कुणाचा कुणास ठाऊक. म्हणून मग सांभाळायचं काम तिच्या आईवर आलं. आलं म्हणजे मी टाकलं. पहिल्या वर्षी शिष्टाचार म्हणून डबाभर कुरडया पाठवल्या. तिच्या गाईड सरांच्या बायकोला, मॅडमना, आवडल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनीच विचारलं. तिसऱ्या वर्षी विचारलं नाही, सांगितलं. त्यांच्या बहिणीला पण हव्या होत्या. पापड, सांडगे, लोणचं असं एकेक वाढत गेलं. आमच्या घरी वाळवणाचं काम होळीला सुरू व्हायचं ते आंबे संपेपर्यंत चालायचं, आणि त्यातलं निम्मं त्यांच्या घरी.

लेक भट्टीत कसली तरी काळी भुकटी भाजायची. बॅटरीत घालायची भुकटी, असं सांगायची. रात्रंदिवस ती भुकटी भिजव, वाळव, भाज, पुन्हा वाट. तिची आई एकदा डबा द्यायला विभागात आली होती. तिनं ते सगळं पाहिलं आणि म्हणाली, “तू पण वाळवणच करतीस की गं. मग माझ्यापाशी शिकायचं सोडून इथं कशाला आलीस?”

लेक म्हणाली, “आई, तुझ्या कुरडयांवर गाडी चालत नाही.”

“माझ्या कुरडयांवर तुझी पीएचडी चालती,” ती म्हणाली. सगळी पोरं हसली. लेक हसली नाही.

सर माणूस वाईट होते असं नाही. शिकवायचे चांगले. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांनी ओळखीच्या डॉक्टरला फोन केला होता. पण घेणाऱ्याला घ्यायची सवय लागते आणि देणाऱ्याला द्यायची. एकदा माझा मोठा भाऊ गावाकडं वारला. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी मॅडमकडं पोचली होती. त्यांना ते मागाहून कळलं. सरांनी ती बरणी विभागात आणली आणि माझ्या स्टुलावर ठेवली.

“मामा, राग मानू नका. आमच्याकडं सुतकाचं चालत नाही. मॅडम फार पाळतात.”

म्हणालो, “बरोबर आहे सर.”

तेरावा झाल्यावर मी तीच बरणी परत न्यायला निघालो, तर निरोप आला, ती नको, ताजं करून द्या. हिनं ताजं केलं. हिच्या दिराच्या दुखवट्यात ही कैऱ्या फोडत बसली होती. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटायला माणसाला फुरसत लागते.

लेकीची पीएचडी झाली. नावापुढं डॉक्टर लागलं. त्यानंतर घरी बसली. जागाच निघत नाहीत. तासिका तत्त्वावर एका कॉलेजात शिकवायची. तास झाला तर पगार, सुट्टी लागली की काही नाही. एक दिवस तिनं मोबाइलवर जाहिरात दाखवली. लांब दक्षिणेतलं एक विद्यापीठ, विज्ञान आणि अभियांत्रिकी विभाग, पोस्टडॉकच्या जागा. तिच्या भुकटीचंच काम.

आईनं विचारलं, “म्हंजी आता अजून एक परीक्षा?”

“परीक्षा नाही आई. पीएचडी म्हणजे लायसन मिळालं. पोस्टडॉक म्हणजे दुसऱ्याची गाडी चालवून हात बसवायचा. दोन वर्षं. काम आवडलं तर वाढवतात.”

“आणि स्वतःची गाडी कधी?”

“जागा निघाली की.”

“जागा कधी निघती?”

मी म्हणालो, डॉक्टर झाल्यावर पण उमेदवारीच. आमच्या गावात सुताराचं पोरगं पण इतकी वर्षं उमेदवारी करत नाही. लागलं तिला ते. मी लागेल असंच बोलतो, त्याला इलाज नाही.

तिच्या आईनं मात्र जाहिरात तीनदा वाचून घेतली. जेवायची सोय काय, बायांना वेगळं राहायला असतं का, तिकडं गहू मिळतो का. शेवटी लेक म्हणाली, “अर्ज भरलाय. तीन पत्रं लागतात.”

“कसली पत्रं?”

“आपल्याला ओळखणाऱ्या तीन मोठ्या माणसांनी लिहायचं की ही मुलगी कामाची आहे. त्यांनी परस्पर तिकडं पाठवायचं. आपण बघायचं नसतं.”

“मग सरांचं पहिलं,” मी म्हणालो.

“दोन गेली आहेत,” ती म्हणाली. “तिसरं जाईल.”

एवढंच म्हणाली. मी समजलो, तिसरं म्हणजे सरांचं. दुसरं कुणाचं असणार? गाईडला डावलून पत्र घेतात, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी निवृत्त झालो होतो तरी विभागात गेलो, सरांच्या दारात उभा राहिलो. सर घाईत होते. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

“मामा, पत्राचं ना? बघू. तिला म्हणावं आधी माझ्याकडचे दोन पेपर पूर्ण कर. सहा महिने ये जरा इकडं. मग बघू.”

मी जिन्यातून उतरत होतो, तेवढ्यात त्यांनी वरून हाक मारली.

“आणि मामा, मॅडमना मावशींशी बोलायचंय. रुखवताचं काहीतरी.”

रुखवताला तीन रंगांच्या कुरडया हव्या होत्या. त्यांचा मोर काढून मांडायचा होता. घरी आलो आणि हिला सांगितलं. लेक भाजी निवडत होती, तिथनंच म्हणाली, “आई, या वर्षी नको करू.”

“का गं?”

“तुझं बीपी वाढलंय. ऊन किती आहे. नको.”

मी म्हणालो, “गप. काम व्हायचंय अजून. पत्र हातात पडू दे, मग आईची काळजी कर.”

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठून आत गेली. तिच्या आईला वाटलं पोरीला आपली दया आली. ती मला म्हणाली, “एवढी एक खेप. पोर मार्गी लागली की सोऱ्या माळ्यावर टाकते.”

गुलमंडीत जाऊन रंग मी आणले. खायचा रंग आहे ना, असं दुकानदाराला दोनदा विचारलं. लोकांच्या पोटाची मला एवढी काळजी.

अर्जाची शेवटची तारीख आणि कुरडया घालायचा दिवस एकच आला. त्या दिवशी लेक सकाळीच विद्यापीठात गेली होती. आईला वर ऊन लागेल म्हणून माठ भरून गच्चीवर ठेवून गेली होती.

पिवळ्या कुरडया झाल्यावर ही खाली गेली. पातेल्याला लागलेला चीक तिनं बोटानं निपटला, त्यावर साखर टाकली आणि वाटी माझ्यापुढं धरली. दर वर्षी पहिली वाटी माझी असते. मी म्हणालो, तू खा. तिनं एक घास खाल्ला आणि पंख्याखाली आडवी झाली. म्हणाली, “कबुतरं बसतील. जाळी घाला.”

मी वर गेलो. कुरडयांवर नायलॉनची जाळी पसरली, चारी बाजूंनी दगड ठेवले. एका कोपऱ्यात जाळी पुरत नव्हती, तिथं तिचीच एक जुनी साडी आणून टाकली. कबुतरं हाकलली. पाऊण तास गेला असेल. मी दुसऱ्याच्या कुरडया राखत होतो, तेवढ्यात माझं घर खाली मोकळं झालं.

खाली आलो तर ती तशीच पडलेली. वाटी हाताशी. मी म्हणालो, जाळी घातली. मग पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा हात लावला.

गल्लीतला डॉक्टर आला, नाडी बघितली, म्हणाला, उन्हाचा तडाखा बसला, हृदय थांबलं. लेकीला फोन मी केला. तिला म्हणालो, ये घरी. ती म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, ये म्हटलं ना. त्या वेळी पण मी खेकसलोच.

बाया जमल्या. आंघोळ घातली. तिची बोटं हिरवी, गुलाबी, पिवळी झाली होती. शेजारणीनं साबण लावून लई घासली. निघेना. दुसरी म्हणाली, “राहू द्या, मेंदीगत दिसतंय.” मग हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या, मळवट भरला. एकेक बाई येऊन पाया पडायला लागली.

“सवाष्ण गेली. पुण्यवान बाई.”

“व्हय, नशीब लागतं.”

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. अखंड सौभाग्यवती हो, असा आशीर्वाद आपण पोरीबाळींना देत आलो, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. नवऱ्याच्या आधी मर. एवढाच अर्थ आहे त्याचा. बाकी सगळं कुंकू.

आम्हाला मुलगा नाही. अग्नी लेकीनं दिला. कुणी नाक मुरडलं नाही, मुरडलं असतं तर मी तिथंच दोन शिव्या दिल्या असत्या, हे लोकांना माहीत होतं.

दिवस मावळताना घरी आलो. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. पै-पाहुणे बाहेर ओट्यावर बसले होते. आतल्या खोलीत मी आणि लेक, मधे ताट. तेवढ्यात तिच्या आईचा फोन वाजला. फळीवर होता, पिठाच्या डब्यापाशी. मी उचलला.

“मावशी, झाल्या का हो कुरडया?” मॅडमचा आवाज. मागं बायकांचा हसण्याचा गलका.

मी म्हणालो, “झाल्या.”

“अय्या मामा, तुम्ही आहात होय. मावशी कुठं?”

“कामात हाय.”

“बरं, त्यांना सांगा, उद्या सकाळीच पाठवा म्हणून. परवा रुखवत मांडायचं. रंग छान आलेत ना?”

“लई छान.”

फोन ठेवला. लेक माझ्याकडं बघत होती.

“सांगितलं नाही त्यांना?”

“नाय.”

“का?”

“सुतक कळलं तर कुरडया घ्यायच्या नाहीत. कुरडया घेतल्या नाहीत तर पत्राचं पुन्हा लांबणीवर. आज शेवटची तारीख ना? अजून वेळ असंल. मी सरांना आत्ताच फोन लावतो.”

ती म्हणाली, “बाबा, सरांचं पत्र लागत नाही.”

“लागत नाही म्हणजे?”

“मी त्यांचं नाव दिलंच नाही. व्हायव्हाला बाहेरून जे परीक्षक आले होते, त्यांना विचारलं. ओळख नाही, पाळख नाही. त्यांनी दोन दिवसांत पाठवलं. तिन्ही पत्रं गेली. पंधरा दिवस झाले.”

सरांना लावायला घेतलेला फोन मी खाली ठेवला. मग म्हणालो, “पंधरा दिवस.”

“हो.”

“मग ती कशाला चढली होती वर?”

“मी नको म्हटलं होतं.”

“नको म्हणणं वेगळं. लागत नाही म्हणणं वेगळं.”

“तुमच्यापुढं बोलायची सोय होती का? गाईडला डावललं म्हटलं असतं तर तुम्ही त्यांच्या दारात जाऊन नाक घासून आला असता, माझ्या वतीनं. मला वाटलं एकदा बोलावणं आलं की सांगू. मला काय माहीत—” मग ती हळू म्हणाली, “पण वर तिला मी नाही चढवलं.”

“तुझ्या एका गप्प बसण्यानं गेली ती.”

“आणि तुमच्या बोलण्यानं?”

मी तिला म्हणालो, “जा आता खुशाल. आईला जाळून मोकळी झालीस.”

हे मी माझ्या लेकीला म्हणालो. आई जळून दोन तास झाले नव्हते. लेकीनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, खाल्ला. चावत राहिली. मग दुसरा मोडला आणि माझ्या हातात दिला. मी पण खाल्ला.

ती जागा तिला मिळाली. नंतर मुलाखत झाली, बोलावणं आलं, ती गेली. एकाही कुरडईशिवाय मिळाली. आता रविवारी तिचा फोन येतो. तिकडं गहू मिळतो, पण आपल्यासारखा नाही, म्हणते. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं, ते मी तिला सांगितलेलं नाही. आता हे वाचील.

ती सकाळ अशी. लेक पहाटे कुठं तरी डोळा लागून भिंतीशी निजली होती. मी गच्चीवर गेलो. जाळी काढली, हिची साडी घडी घालून बाजूला ठेवली. कुरडया एका उन्हात वाळत नाहीत, दोन लागतात. मधे हात लावला तर ओलसर होत्या. तरी सोडवल्या. हिरव्या वेगळ्या, गुलाबी वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या. पहिल्या रांगेत ती वाकडी कुरडई सापडली, तिच्या हसण्याची. ती काढून मी साडीच्या घडीत ठेवली. बाकीच्या स्टीलच्या मोठ्या डब्यात भरल्या, एका रंगावर एक, मधे कागद, ती भरायची तशा.

सुतकात घराबाहेर पडून शुभकार्याच्या घरी जाऊ नये, हे मला शिकवायची गरज नाही. मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. मागच्या दारानं निघालो. रिक्षात डबा मांडीवर धरून बसलो.

रिक्षावाला म्हणाला, “चाचा, शादी का सामान है क्या?”

“हौ.”

“घर की शादी?”

“साब की बेटी की.”

“मुबारक हो चाचा.”

“हौ,” म्हणालो.

सरांच्या बंगल्यापुढं मांडव घालत होते. दारात आंब्याचं तोरण, हळदीचे हात उठवलेले. मॅडम पुढं आल्या. डबा मी स्वतःच्या हातानं त्यांच्या हातात दिला. त्यांनी तिथंच झाकण उघडलं.

“अगंबाई, काय रंग आलाय. मावशींचा हात म्हणजे. आल्या नाहीत का त्या?”

“नाय.”

“थोड्या ओल्या वाटतात हो मामा.”

“एक ऊन द्या अजून. गच्चीवर.”

“इश्श, मला कुठं गच्ची चढवते या उन्हात. मावशींना म्हणायचं होतं एक दिवस आधी घाला. असू दे, पंख्याखाली वाळतील. मांडायच्याच तर आहेत, मग तळून वाढू व्याह्यांना.”

“वाढा,” मी म्हणालो.

डबा त्यांनी आत नेला. देवघराच्या दारातून नेला, मी बघत होतो. सर बनियनवर बाहेर आले, हातात याद्या.

“मामा, पत्राचं माझ्या लक्षात आहे हां. लग्न उरकू द्या. शेवटची तारीख कधी आहे?”

“काल होती.”

“अरे. मग तिनं आठवण नाही का करायची?”

“तिचं झालं काम.”

“असं? कोणी दिलं पत्र?”

मी तोरणाकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू राहिलं, पण त्यातला जीव गेला. म्हणाले, “बरं झालं. बसा, सरबत घ्या.” सुतक्यानं दुसऱ्याच्या घरी पाणी घेऊ नये. मी मांडवात खुर्चीवर बसलो आणि त्यांच्या काचेच्या ग्लासातलं पन्हं शेवटपर्यंत प्यालो. ग्लास त्यांच्या भांड्यात ठेवला.

निघायला उठलो तर नवरी बाहेर आली. हळदीनं पिवळी झालेली. ती लहान असताना शाळा सुटली की विभागात यायची. माझ्या स्टुलावर बसून माझ्या बायकोनं पाठवलेला साखर घातलेला चीक खायची आणि वाटी चाटायची. तिचा काय दोष, असं एकदा मनात आलं. आलं आणि गेलं.

“मामा, मावशींनी माझ्यासाठी केलं ना सगळं? त्यांना सांगा मी लग्नानंतर भेटायला येणार,” ती म्हणाली आणि वाकली.

मी पाय मागं घेतले नाहीत. तिनं दोन्ही हातांनी ते शिवले आणि हात कपाळाला लावले. मॅडम बघत होत्या, सर बघत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

म्हणालो, “अखंड सौभाग्यवती हो.”

मग टोपी नीट केली आणि लेक उठून उपाशी बसली असेल म्हणून तडक घरी आलो.